आधी दाशी विचारा

दिंडोशीच्या नागरी निवाऱ्यात आमच्या इमारतीतून कोणी जपानला निघालं की आधी आमच्या घराची बेल वाजते. व्हिसा, विमान, चेरीचा बहर हे सगळं टूरवाले बघतात. खरी काळजी असते पोटाची. आम्ही जपान फिरून आलो आहोत आणि आमच्या घरी सगळ्या तऱ्हेचे खाणारे आहेत, त्यामुळे बहुधा लोकांना आमचा भरवसा वाटत असावा. मी मालवणी, मासे नसतील तर जेवण अळणी. सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, सगळं चालतं, पण वरची कवळी आहे. सासूबाई, म्हणजे आई, माळकरी, अंडंसुद्धा वर्ज्य.

ओसाकाच्या दोतोंबोरीत संध्याकाळी पाय टाकला की ताकोयाकीचा वास येतोच. बिडाचं खळगे असलेलं तापलेलं पात्र, त्यात ओतलेलं पातळ पीठ आणि टोचणीने गर्रकन उलटवलेले गोळे. आपलं आप्पेपात्रच म्हणा. आत ऑक्टोपसचा तुकडा, लाल आलं, कांद्याची पात. वरून सॉस, मेयोनीज आणि माशाचा पातळ कीस, जो वाफेने हलत राहतो. आम्ही टूरबरोबर तिथे गेलो तेव्हा गाड्यावरच्या पोराला हातवाऱ्यांनी सांगितलं, मासा नको, मांस नको, अंडं नको. त्याने मान डोलावली, एका ओळीतून ऑक्टोपस वगळला, मेयोनीज आणि कीस टाकला नाही. आईंनी आवडीने खाल्ले. मग आमच्या ग्रुपमधल्या, पुण्यात जपानी शिकलेल्या मुलीने त्याला विचारलं, हे पीठ कशात भिजवतोस? तो म्हणाला, दाशीत. आणि अंडं? ते तर पिठातच फेटलेलं.

आई तिथे काही बोलल्या नाहीत. हॉटेलवर येऊन अंघोळ केली आणि दुसऱ्या दिवशी केळी आणि दूध यावर राहिल्या. वर मलाच म्हणाल्या, "अगं, त्या पोराचा काय दोष? त्याने दिसला तो मासा काढलाच की."

दाशी म्हणजे जपानी स्वयंपाकाचं मूळ पाणी. कोंबू नावाची समुद्रातली वनस्पती आणि कात्सुओबुशी, म्हणजे बोनिटो मासा उकडून, धुरी देऊन, लाकडासारखा टणक होईपर्यंत वाळवून काढलेला कीस, यांचा तो अर्क. उदोनचं सूप, मिसो सूप, ओकोनोमियाकीचं पीठ, तेम्पुराबरोबरची बुडवायची वाटी, भाज्यांचं शिजवण, सगळीकडे तो असतो. त्यामुळे "यात मासा आहे का?" हा प्रश्नच कुचकामी. विक्रेता प्रामाणिकपणे नाही म्हणतो, कारण त्याच्या लेखी रस्सा हा मासा नव्हे. "दाशी कशाची?" असं विचारा. बौद्ध मठांतल्या शोजिन र्‍योरी जेवणात कोंबू आणि शिताके अळंबीची दाशी वापरतात, तेव्हा "फक्त कोंबूची चालेल" म्हटलं की अर्थ लगेच पोचतो. हे सगळं जपानीत लिहून घेतलेला कागद खिशात ठेवा, आणि त्यात मांस, मासे, अंडं, माशाची दाशी, डुकराची चरबी आणि जिलेटिन असं एकेक नाव घालून लिहा. "व्हेजिटेरियन" या एका शब्दावर विसंबू नका.

पाकिटबंद मालाचंही तेच. जपानच्या कायद्याने दाखवणं सक्तीचं असलेल्या ॲलर्जीच्या पदार्थांत कोळंबी, खेकडा, अक्रोड, गहू, बकव्हीट, अंडं, दूध, शेंगदाणे येतात. त्यात मासा नाही. पाकिटावरचा ॲलर्जीचा चौकोन वाचून समाधान मानू नये, फोनचा कॅमेरा घटकांच्या पूर्ण यादीवर धरावा. बटाट्याच्या वेफर्समध्येही कोंबडीचा किंवा डुकराचा अर्क निघतो.

गोडाकडे वळलं की माळकऱ्यांना हायसं वाटतं. अझुकी या लाल कडधान्याचं साखर घालून केलेलं सारण (आंको), तांदळाच्या पिठाचे दांगो, योकान. योकान कांतेनने घट्ट करतात, म्हणजे आपल्या चायना ग्रासने, त्यामुळे बिनधास्त खा. पुडिंग, मूस, मार्शमेलो यांत मात्र जिलेटिन असू शकतं, आणि दोरायाकी, कास्तेला या केकसारख्या प्रकारांत अंडं असतंच. सारण भरलेली तायाकी विचारून घ्यावी. एकादशीला आमचा जीव भाजलेल्या रताळ्याने वाचवला. याकी-इमो म्हणतात, सुपरमार्केटमध्ये गरम मिळतं, आणि इतकं गोड की आईंनी आमच्या दिंडोशीच्या भाजीवाल्याचा उद्धारच केला.

आता मोची. म्हातारी माणसं बरोबर असतील तर हे नीट वाचा. चिकट तांदूळ वाफवून कुटला की त्याला विलक्षण ताण येतो. तो तुटत नाही, लांबतो. दरवर्षी नवीन वर्षाच्या दिवसांत मोची घशात अडकून माणसं दगावतात, बहुतेक पासष्टीच्या पुढची, आणि तोक्योचं अग्निशमन दल दरवर्षी इशारा देतं. नारात अण्णांनी ताजी, कोमट मोची अख्खी तोंडात टाकली. ती कवळीला चिकटली, कवळी सुटली आणि त्यांच्या चेहऱ्याचा रंगच बदलला. नशीब, खोकला येत होता. खोकत असलेल्या माणसाला खोकू द्यावं, पाणी पाजून ढकलायला जाऊ नये. आवाज बंद झाला तर वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये जोरात थापा, मग पोटावर दाब, आणि दुसऱ्याने ११९ ला फोन. त्याआधीचं शहाणपण सोपं आहे: नखाएवढे तुकडे, आधी चहाचा घोट, बसून खाणं आणि खाताना गप्पा बंद. सेल्फीही बंद.

बसून खाण्याला दुसरंही कारण आहे. चालता चालता खाणं तिथे बरं दिसत नाही. कामाकुरात २०१९ पासून त्याबद्दल शहराचा नियमच आहे, क्योतोच्या निशिकी बाजारात पाट्या आहेत. गाड्यासमोर उभं राहून संपवावं, काडी गाडीवाल्यालाच परत द्यावी. १९९५ च्या तोक्यो मेट्रोतल्या सारिन हल्ल्यानंतर सार्वजनिक कचरापेट्या कमी झाल्या, तेव्हा पर्समध्ये एक पिशवी हवीच. नाणीही हवीत, छोट्या गाड्यांवर कार्ड चालेलच असं नाही. दुकानात बसून खाल्लं तर कर १० टक्के, बांधून नेलं तर ८, म्हणून "इथेच की न्यायचं?" विचारतात.

अगदीच जमेना तर तोक्योत निशिकासाई गाठा. एदोगावा वॉर्डातल्या या भागात भारतीय वाणसामान मिळतं.  घरून चिवडा, लाडू खुशाल न्या, पण मांसाचा कुठलाही प्रकार नाही, सुकं मटणही नाही, विमानतळावर काढून घेतात. येताना शेजाऱ्यांसाठी दाइफुकु, म्हणजे सारण भरलेली मोची, आणायच्या भानगडीत पडू नका. ताजी असते तोवरच मऊ, एका दिवसात कडक होते, फ्रिजमध्ये तर आणखी लवकर. पाकिटबंद योकान आणा, महिनोन्महिने टिकतं आणि सुरीने पातळ कापलं की एक वडी अख्ख्या मजल्याला पुरते.