भजनी मंडळापुढे स्वतःची श्रद्धा कशी सांगावी?

प्रश्न : वारीमुळे आयुष्य कसे पालटले, हे सोलापुरातील भजनी मंडळापुढे सांगताना कशावर भर द्यावा?

उत्तर : वारकरी परंपरेत अशा कथनाचा जवळचा नमुना तुकारामांच्या आत्मचरित्रपर अभंगात सापडतो. स्वतःविषयी बोलणे उचित नव्हे, पण संतांनी विचारले म्हणून सांगणे भाग आहे, अशी त्याची भूमिका असून, दुष्काळात गेलेले द्रव्य, अन्नावाचून मेलेली पत्नी आणि एकादशीला कीर्तन करू लागल्यावरही आरंभी अभ्यासात न रमलेले चित्त, हे सारे त्यात सारवासारव न करता येते. श्रद्धा जडल्यानंतरचा हा कोरडेपणा वक्ते बहुधा गाळतात आणि तिथेच कथनाला जाहिरातीची कळा येते. बहिणाबाईंचे आत्मकथनपर अभंगही पतीचा विरोध लपवत नाहीत.

सोलापूर जिल्ह्यात आणखी एक भान हवे. मंगळवेढ्याच्या चोखामेळ्यांची समाधी पंढरपूरच्या महाद्वारासमोर, म्हणजे मंदिराबाहेर आहे, आणि ते दार अस्पृश्य मानलेल्यांसाठी 1947 साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर उघडले. त्यामुळे एकाच राउळाची आठवण सर्व श्रोत्यांच्या घरी सारखी नसते, हे ध्यानात ठेवून ‘सर्वांना तो सदैव जवळ घेतो’ अशी सरसकट विधाने टाळावीत.

आजार बरा झाल्याचा अनुभव सांगायला हरकत नाही, मात्र उपचारांचा उल्लेख वगळून त्याला चमत्काराचे रूप देऊ नये. तथाकथित चमत्कारांच्या प्रचारातून लोकांना फसवणे राज्याच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.