चार देश, एक स्पर्धा : महिला व्हॉलीबॉलमधील संयुक्त यजमानपद

मोठी आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धा भरविणे हे दीर्घकाळ संपन्न राष्ट्रांचेच काम समजले जात असे. अनेक संघांचा निवास, प्रवास, सरावाची सोय, पंच आणि सुसज्ज क्रीडागृहे यांचा भार लहान देशास एकट्याने पेलणे कठीण असते. युरोपातील महिला व्हॉलीबॉल अजिंक्यपद स्पर्धेने या अडचणीवर एक व्यवहार्य मार्ग काढला. यजमानपदच वाटून घेणे, हा तो मार्ग होय.

पूर्वपीठिका

ही स्पर्धा प्रथम १९४९ साली प्राग येथे झाली व सोव्हिएत संघाने ती जिंकली. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये व्हॉलीबॉलचा समावेश झाला. ऑलिंपिकमध्ये महिलांसाठी खुला झालेला हा पहिला सांघिक खेळ होता. पुढे युरोपीय स्पर्धेत दोन देशांनी मिळून यजमानपद घेण्याचे प्रयोग झाले. २०१५ मध्ये नेदरलँड्स व बेल्जियम, तर २०१७ मध्ये अझरबैजान व जॉर्जिया यांनी ते घेतले. २०१९ मध्ये संघांची संख्या १६ वरून २४ झाली आणि तुर्कस्तान, पोलंड, हंगेरी व स्लोव्हाकिया असे चार यजमान प्रथमच एकत्र आले.

कामाची वाटणी

प्रत्येकी सहा संघांचे चार गट पाडून ते अंकारा, वूत्श, बुडापेस्ट व ब्रातिस्लाव्हा या शहरांकडे सोपविण्यात आले. गटात प्रत्येक संघ इतर पाचही संघांशी खेळला. म्हणजे एका गटाचे १५ आणि चार गटांचे ६० सामने झाले. एकाच मैदानावर रोज चार सामने खेळविले असते, तरी केवळ या फेरीस १५ दिवस लागले असते. चार ठिकाणी ती सुमारे आठवडाभरात उरकली. बाद फेरीच्या १६ सामन्यांसह एकूण ७६ सामन्यांची ही स्पर्धा २३ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर या १७ दिवसांत पार पडली.

समन्यायाचा प्रश्न

यजमान चार असले, तरी नियम एकच असावा लागतो. ३-० किंवा ३-१ असा विजय मिळाल्यास तीन गुण. सामना पाचव्या सेटपर्यंत गेल्यास विजेत्यास दोन व पराभूतास एक गुण, ही पद्धत चारही ठिकाणी सारखीच होती. मात्र घरच्या प्रेक्षकांचा लाभ समान वाटता येत नाही. पोलंडने उपांत्यपूर्व सामना वूत्श येथे स्वकीयांसमोर जिंकला. परंतु उपांत्य सामन्यासाठी त्याला दीड हजार किलोमीटरांहून अधिक दूर असलेल्या अंकाऱ्यास जावे लागले. तेथे तुर्कस्तानने त्याचा पराभव केला. अंतिम सामना एकाच शहरात होणार, हे उघड आहे. म्हणूनच तो कोठे व्हावा, याचा निर्णय स्पर्धेपूर्वी आणि सर्वांच्या माहितीने होणे अगत्याचे ठरते. अर्थात, घरचे मैदान म्हणजे विजयाची हमी नव्हे. त्याच अंकाऱ्यात अंतिम सामन्यात सर्बियाने यजमान तुर्कस्तानवर ३-२ अशी मात केली.

फलश्रुती

ही पद्धत पुढेही टिकली. २०२१ मध्ये सर्बिया, बल्गेरिया, क्रोएशिया व रुमानिया यांनी, तर २०२३ मध्ये बेल्जियम, इटली, जर्मनी व एस्टोनिया यांनी यजमानपद वाटून घेतले. जेमतेम १३-१४ लाख लोकवस्तीच्या एस्टोनियाला २४ संघांचा भार एकट्याने झेपला नसता. पण एका गटाची जबाबदारी घेतल्याने नेदरलँड्स, फ्रान्स यांसारखे संघ राजधानी टालिनमध्ये खेळले. आपल्या देशाच्या मुली अशा संघांशी झुंजताना तेथील शाळकरी मुलींना प्रत्यक्ष पाहता आल्या. त्याच वर्षी तुर्कस्तानने ब्रुसेल्समध्ये सर्बियाला ३-२ असे हरवून २०१९ च्या पराभवाची भरपाई केली.

जबाबदारीचे स्पष्ट वाटप, सर्वत्र एकच नियम आणि अंतिम टप्प्याविषयी आधीच झालेला निर्णय, या तीन गोष्टींवर संयुक्त यजमानपद उभे असते. त्या सांभाळल्या, तर साधने मर्यादित असणाऱ्यांनाही मोठ्या कार्यात बरोबरीने सहभागी होता येते.