मूठ गाभ्याची असावी

लेकरा, मुठीसाठी लाकूड बघताना आधी रंग बघायचा नाही. काळं आहे म्हणजे टणक असणारच, असं गिऱ्हाईक म्हणतं. आपण तसं म्हणायला लागलो की धंद्याला खोट येते. बघायचा तो गाभा. झाडाच्या मधला जुना भाग, जिथून रस वाहायचा थांबलेला असतो, तिथं झाड स्वतःच डिंक, राळ, तुरट अंश साठवून ठेवतं. म्हणून तो भाग काळपट होतो, टणक होतो आणि किडीला नकोसा होतो. भोवतीच्या पांढऱ्या लाकडात मात्र पिठूळ अंश असतो आणि किडा त्यासाठीच येतो. मुठीवर बोटभर पांढरं राहू दिलंस, तर एक दिवस तिथून बारीक पीठ गळताना दिसेल.

बाजारात काळ्या रंगाच्या नावावर वाटेल ते खपवतात. ओलं पांढरं फडकं लाकडावर घास. काळा रंग उतरला तर तुकडा परत कर. मग चाकूनं एक कोपरा खरवडून बघ, आतही तोच रंग पाहिजे. शेवटी कापलेल्या तोंडावर पाण्याचं बोट फिरव म्हणजे बारीक चिरा उघड्या पडतात. कोरड्या लाकडावर त्या लपून राहतात.

शिसव सगळ्यांनाच हवं असतं, आणि ते आहेच तसं. जांभळट तपकिरी अंगावर काळ्या रेघा, रेषा एकमेकींत गुंतलेल्या, त्यामुळं सहजासहजी उकलत नाही. पण ताजं शिसव शोधत हिंडू नकोस. मोडक्या पलंगाचा पाय, जुन्या देव्हाऱ्याची चौकट, भंगारात निघालेली खुर्ची, असलं लाकूड वर्षानुवर्षं सुकलेलं असतं आणि सुकलेल्या लाकडाला तोड नाही. रस्त्याकडेला लावतात तो शिसू वेगळा, त्याचा गाभा पिवळट तपकिरी असतो. लाकूड वाईट नाही, पण शिसवाच्या भावानं घेऊ नकोस. आणि शिसव घासताना नाकातोंडाला फडकं बांधत जा. त्याचा भुसा काहींच्या अंगावर उठतो, शिंका थांबत नाहीत.

खरा काळाभोर गाभा टेंभुर्णीचा, ज्याची पानं विडीला जातात तिचा. मोठ्या बुंध्यातही काळा भाग वेडावाकडा आणि थोडाच निघतो, आणि सुकताना हमखास तडकतो. चाकूच्या मुठीला दोन बाजूंनी लावायच्या पट्ट्यांपुरताच तो घे. चिंचेचंही तसंच. म्हाताऱ्या चिंचेच्या पोटात जांभळट काळा गाभा असतो, दगडासारखा. वादळात चिंच पडली असं कळलं की लोक सरपण न्यायच्या आत तू पोच. खैर लालसर काळा, वाळवी त्याच्या वाटेला जात नाही, पण रंध्याची धार खातो. खानदेशाकडचं अंजन तर पाण्यात बुडतं इतकं जड. दिसायला देखणं, पण रोज वापरायच्या हत्याराला मी ते लावणार नाही.

वजनाचं हे नीट ध्यानात घे. घाव घालायच्या हत्याराचा भार पात्यात हवा. मूठ जड झाली की भार हाताकडं सरकतो, घाव उथळ पडतो आणि मनगट भरून येतं. आपल्या बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीनंतर टोळ्या ऊसतोडीला निघतात त्या उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मुकादमाच्या हिशेबात नवराबायको मिळून एक कोयता. दिवस उजाडायच्या आधीपासून जो हात त्या मुठीवर असतो, त्याच्यासाठी आपण लाकूड निवडतोय. तिथं देखणेपणाला शेवटचा नंबर.

म्हणून कोयत्याला बाभूळ. गावठी बाभूळ, जिच्यापासून बैलगाडीच्या चाकाचा तुंबा आणि आरे करतात ती. धक्का सोसणं तिच्या अंगातच आहे. ताजा गाभा गुलाबी निघतो म्हणून नवखे नाक मुरडतात, पण उजेड, तेल आणि घाम लागला की तो वरचेवर गडद होत जातो. ओंडका आधी काही महिने डोहात किंवा विहिरीत बुडवून ठेव. पाण्यात पिठूळ अंश निघून जातो आणि किडीला खायला उरत नाही. वेड्या बाभळीला लोक कोळशालाच लायक समजतात, पण तिचा तपकिरी गाभा सुकताना फार आकसत नाही. सरळ तुकडा मात्र वीतभरही मुश्किलीनं मिळतो. सुरीला तेवढा पुरतो. कुऱ्हाडीला यातलं काहीच नको. तिला धावड्याचा दांडा दे, रंगानं फिका असला तरी लवचीक असतो.

एक अट कायम पाळ. १९६४ च्या महाराष्ट्राच्या वृक्षतोड कायद्यानं खैर, अंजन, तिवस, साग, चिंच ही झाडं स्वतःच्या बांधावरची असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. पडलेलं, वखारीतलं पावतीचं किंवा जुन्या सामानातलं लाकूड आपल्या कामाला पुरून उरतं.

आता सुकवणं. ओंडका करवतीनं कापण्याआधी पाचर मारून फोड. फोडलेलं लाकूड रेषेच्या वाटेनं उकलतं. करवत रेषा तोडून जाते आणि मूठ नेमकी तिथंच मोडते. अगदी मधला गर मुठीत येऊ देऊ नकोस, चीर तिथून सुरू होते. तुकडे हवे त्यापेक्षा बोटभर जाड ठेव, दोन्ही तोंडांना मेण नाहीतर शेण लाव, आणि सावलीत वारा खेळेल असे रच. दर आठवड्याला त्यातला एकच ठरावीक तुकडा तागडीत घाल. वजन उतरायचं थांबलं की लाकूड सुकलं. तारखेवर विसंबू नकोस.

पात्याची शेपटी बसवताना आधी बारीक भोक पाड, मग शेपटी तापवून त्यात दाब. त्याआधी पात्याला ओलं फडकं गुंडाळ, नाहीतर आच धारेपर्यंत चढते आणि पात्याला दिलेलं पाणी उतरतं. शेपटी बाहेर काढ, भोकातली काजळी झटक, वितळलेली लाख ओत आणि परत बसव. लाखेचं काम नुसतं धरून ठेवण्याचं नाही. बाभळीत, खैरात तुरट अंश भरपूर, त्याच्याशी ओलं लोखंड भिडलं की लाकूड शाईसारखं काळं पडतं आणि शेपटी गंजते. मधे लाख असली की दोघांची गाठ पडत नाही. मुठीच्या तोंडाला वसवी ठोकायला विसरू नकोस. मूठ गोल न करता लंबगोल कर, म्हणजे न बघता धारेची दिशा हाताला कळते. मापासाठी बाईमाणसाला आपला हात दाखवायला सांग, एकाच मापाच्या मुठी करू नकोस.

तलवारीला शिसवाची मूठ करून द्या म्हणणारेही येतील. मराठ्यांच्या तलवारीची मूठ लोखंडी असते, तिच्या पोकळीत पात्याची शेपटी लाखेनंच बसवतात, आणि लाकूड लागतं ते म्यानाला. आपल्या बीडची जुनी ख्याती छागलींची, म्हणजे पाण्याच्या कातडी पिशव्यांची, आणि गुप्त्यांची. गुप्ती म्हणजे काठीत दडवलेलं पातं, तिथं लाकडाचा खरा कस लागायचा. पण १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली तलवार आणि गुप्ती दोन्ही येतात. परवाना नसेल तर कितीही पैसे देऊ केले तरी नाही म्हण. शेतीच्या आणि स्वयंपाकघराच्या हत्यारांत आयुष्यभराचं काम आहे.

व्हार्निश नको, घामानं त्याचे पापुद्रे निघतात आणि मूठ निसटते. जवसाचं तेल लाव, नाहीतर करडईचं. ही तेलं लाकडात मुरून वाळतात. शेंगदाण्याचं आणि खोबरेल वाळत नाही, चिकट राहून धूळ धरतं. जवसाच्या तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात फेकू नकोस. ते आपोआप तापून पेट घेतं. पसरून वाळव.

टोळ्या परतल्या की ढिल्या मुठींचे कोयते येतील. बहुतेकांनी ते रात्रभर पाण्यात बुडवलेले असतील. लाकूड फुगतं, मूठ तेवढ्यापुरती घट्ट बसते, पण फुगताना आतले धागे चेंगरतात, आणि वाळल्यावर ती पहिल्यापेक्षा ढिली होते. अशी मूठ परत ठोकून देऊ नकोस. पातं तापवून बाहेर काढ, भोक साफ कर, चीर गेली असेल तर मूठच नवी घाल, नसेल तर ताजी लाख ओत. आणि तो कोयता त्याच दिवशी देऊ नकोस, लाख रात्रभर थंड होऊ दे.