समुद्राला गेलेले पाणी



"इतके पाणी समुद्रात वाया गेले," असे पावसाळा संपताना आपण म्हणतो. एप्रिल २०१६ मध्ये धनेगावचे धरण कोरडे पडले आणि मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. ते दिवस पाहिलेल्या माणसाने असे म्हणणे साहजिकच आहे. तरी हे पाणी जाते कुठे, ते एकदा बघू या.

नांदेडच्या घाटांवरून गोदावरी पुढे निघते. लातूरकडची मांजरा कर्नाटक-तेलंगणातून वळसा घेऊन तिला कंदकुर्तीजवळ मिळते. दोघींचे पाणी आंध्र प्रदेशात समुद्राला लागते. तिथे काकीनाड्याजवळ कोरिंगाचे खारफुटीचे जंगल आहे; १९७८ मध्ये ते अभयारण्य झाले. खारफुटी खाऱ्या चिखलात वाढते खरी, पण निव्वळ खारे पाणी तिलाही जड जाते. गोडे पाणी आणि गाळ नदीनेच आणून द्यावा लागतो.

या झाडांची पाने चिखलात गळतात. खेकडे ती बिळात ओढून नेतात, कुरतडतात. त्यांच्या बिळांतून घट्ट चिखलात हवा शिरते आणि ती मुळांच्या कामी येते. उरल्या पानांवर बुरशी व जिवाणू वाढतात, मग कुठे ती बारीक जीवांच्या खाण्याजोगी होतात. कोळंबी, म्हणजे आपल्या बाजारातला झिंगा, अंडी घालते समुद्रात. तिची पिल्ले मात्र भरतीबरोबर खाडीत येतात, मुळांच्या आडोशाला वाढतात आणि मोठी झाली की परत समुद्राकडे जातात. मासे, ते धरणारे रानमांजर आणि कोळ्याचे जाळे यांची पाळी त्यानंतरची.

सेमिनरीत आम्ही ॲरिस्टॉटल वाचला तो तर्कशास्त्रासाठी. पण शिंपल्यात राहणारा चिमुकला खेकडाही त्याने टिपला होता आणि त्याला शिंपल्याचा रखवालदार म्हटले होते. रखवालदारी पुढे खरी ठरली नाही. मात्र एका जीवाविषयी लिहिताना त्याच्या शेजाऱ्याची नोंद हवी, हे त्याने ओळखले होते.

नांदेडहून गढूळ निघालेले पाणी पोचमपाडच्या धरणात थबकते आणि बराच गाळ तिथेच बसतो. खाली आणखी बंधारे आहेत. मुखाकडचा किनारा काही ठिकाणी समुद्र खात चालला आहे, त्याचे एक मोठे कारण हेच. धरणे नकोत, असे लातूरकरांना कोण सांगेल? आम्ही तर नाहीच. पण उसाला मोकाट पाणी सोडायचे आणि हिशेबात समुद्राचा वाटा तेवढा 'वाया' लिहायचा, हे आम्हाला पटत नाही.