एकाच धुळीचे दोन रोगी

दुपारच्या वेळी अंधाऱ्या खोलीत कौलांच्या फटीतून कवडसा पडतो, त्यात धुळीचे कण तरंगताना तुम्ही पाहिले असतीलच. हे कण खाली का पडत नाहीत? पडतात, पण फार सावकाश. आज ज्या रोगाची हकीकत सांगणार आहे, त्याची किल्ली या कवडशात आहे.

माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेत ॲरिझोना राज्यातील फिनिक्सजवळ राहतो. मुलूख वाळवंटी. त्याचा कुत्रा खोकू लागला, वाळत गेला आणि काही महिन्यांनी एका पायाने लंगडू लागला. त्याच सुमारास या गृहस्थालाही ताप आणि खोकला सुरू झाला. रक्त तपासले तेव्हा दोघांना एकच रोग निघाला. घरात लहान मूल आहे. त्याने मला पत्रातून विचारले, “सर, कुत्रा कोणाला देऊन टाकू का?”

औषधोपचार हा काही माझा प्रांत नव्हे. मात्र या प्रश्नाचे अर्धे उत्तर पदार्थविज्ञानात आहे, म्हणून मी ते दिले.

या रोगाला तिकडे ‘व्हॅली फीव्हर’, म्हणजे खोऱ्याचा ताप म्हणतात. हे खोरे कॅलिफोर्नियातील सान वाकीन नदीचे. रोगाचे मूळ म्हणजे मातीत राहणारी कॉक्सिडिऑइडिस नावाची बुरशी. पाऊस पडला की तिचे तंतू मातीत वाढतात. माती वाळली की ते तुटून त्यांचे पिंपाच्या आकाराचे बारीक तुकडे होतात. हीच तिची बीजुके. एकेकाची लांबी सुमारे ३ ते ५ मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. वारा सुटला, कोणी जमीन खणली किंवा कुत्र्याने पंजांनी उकरली की ती हवेत उडतात.

आता थोडे गणित करू. हवेतून पडणाऱ्या लहान गोलावर हवेच्या श्यानतेमुळे विरोध होतो. विरोध आणि वजन यांचा तोल साधला की गोल स्थिर वेगाने पडू लागतो. हा वेग त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, हा स्टोक्सचा नियम. ४ मायक्रॉन व्यासाचा आणि पाण्याइतक्या घनतेचा कण घेतला, तर हा वेग सेकंदाला अवघा अर्धा मिलिमीटर येतो. वाळूचा कण तुमच्या नाकाच्या उंचीवरून एकदोन सेकंदांत जमिनीवर येईल; हा कण मात्र अगदी स्तब्ध हवेतही पाऊण तासाहून अधिक वेळ घेईल. जराशी झुळूक आली की पुन्हा वर! कॅलिफोर्नियात डिसेंबर १९७७ मध्ये धुळीचे मोठे वादळ झाले, तेव्हा कर्न परगण्यातील माती शेकडो किलोमीटर दूर गेली आणि जेथे हा रोग सहसा आढळत नसे तेथेही रोगी निघाले. १७ जानेवारी १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपात दरडी कोसळून धुळीचे लोट उठले. त्यानंतर व्हेंचुरा परगण्यात २०३ रोगी नोंदले गेले. त्यांपैकी तिघे दगावले.

मोठे कण नाकात आणि घशात अडकतात. एवढे बारीक कण मात्र फुप्फुसांतील वायुकोशांपर्यंत पोहोचतात. तेथे बुरशी रूपच पालटते! बीजुक फुगून गोल होते आणि कित्येक पटींनी मोठे होते. त्याच्या पोटात शेकडो अंतर्बीजुके तयार होतात. गोल फुटला की त्यांतील प्रत्येकाचा पुन्हा गोल. ब्यूनोस आयर्समध्ये १८९२ मध्ये पोसादास यांनी एका सैनिकाच्या व्रणांत हे गोल पाहिले आणि त्यांना ते आदिजीव वाटले. चूक स्वाभाविक होती, कारण बुरशीसारखे त्यात काहीच दिसत नव्हते. ही बुरशीच आहे, हे १९०० मध्ये सिद्ध झाले.

मुद्दा येथेच आहे. वाळून तुटणारे, हवेत उडणारे तुकडे मातीत तयार होतात. शरीरात तयार होतात ते हे गोल, आणि ते हवेतून दुसऱ्याला रोग देत नाहीत. म्हणून कुत्र्याच्या खोकल्यातून मालकाला हा रोग होत नाही, मालकाकडून कुत्र्यालाही नाही. दोघांनी एकाच अंगणातली धूळ हुंगली, इतकेच. कुत्र्याचे नाक सदा जमिनीला लागलेले, म्हणून तो आधी आजारी पडला. एक सावधगिरी मात्र हवी: कुत्र्याच्या वाहत्या जखमेवरची पट्टी बरेच दिवस बदलली नाही, तर तीत बुरशी पुन्हा तंतुरूप धरू शकते. हा नियम सगळ्या बुरशींना लावू नका. गजकर्ण हाही बुरशीचाच रोग, पण तो स्पर्शाने कुत्र्यामांजरांकडून माणसाला खुशाल होतो.

लागण झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक माणसांना काहीच जाणवत नाही. ज्यांना त्रास होतो त्यांपैकी बहुतेक आपोआप बरे होतात. काहींच्या मात्र हाडांत किंवा मेंदूच्या आवरणात रोग पसरतो आणि तेव्हा तो जिवावर बेततो. विद्यार्थ्याच्या कुत्र्याचे लंगडणे हाडातल्या रोगामुळेच होते. त्याला फ्लुकोनॅझोलच्या गोळ्या कित्येक महिने द्याव्या लागल्या.

कुत्रा घरीच आहे. विद्यार्थ्याने अंगणात खडी पसरली आहे आणि खणायचे झाले की तो आधी माती भिजवून घेतो. कुत्र्याने मात्र कुंपणाच्या कडेला खडी नसलेला एक कोपरा शोधून काढला आहे, असे त्याच्या शेवटच्या पत्रात आहे.