विमानाचे धड

विमान म्हटले की डोळ्यांपुढे प्रथम उभे राहतात ते त्याचे पंख. पंखांच्या मधोमध जो लांबट भाग असतो, त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. तथापि पंख, शेपटी, मोटार आणि इतर सारी साधने यांना आपापल्या जागी घट्ट धरून ठेवण्याचे काम हाच भाग करीत असतो. त्याला विमानाचे धड म्हणतात. इंग्रजीत त्याला ‘फ्यूजलाज’ असे नाव आहे. हा शब्द मूळचा फ्रेंच असून ‘चातीसारखा निमुळता’ असा त्याचा भाव आहे. चरख्याची चाती ज्याने पाहिली आहे, त्याला हे नाव किती समर्पक आहे ते सांगावयास नको.

अमेरिकेतील मिशिगन राज्यात कलामझू नावाचे शहर आहे. तेथील वॉल्टर गुड व विल्यम गुड या जुळ्या भावांनी १९३७ साली एक लहान विमान तयार केले आणि जमिनीवर उभे राहून, रेडिओलहरींच्या साह्याने ते चालवून दाखविले. ‘गफ’ असे त्याचे नाव ठेवण्यात आले. हे विमान पुढे वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात दाखल झाले. त्या काळी रेडिओयंत्रात काचेच्या निर्वात नळ्या असत. ते यंत्र व त्याच्या बॅटऱ्या यांचे ओझे पेलण्यासाठी विमानाचे धडही तसेच दणकट करावे लागे. आज रेडिओलहरी टिपणारे यंत्र काड्यापेटीहून लहान मिळते. त्यामुळे शाळकरी मुलांनाही, वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली, असे धड घरी तयार करता येते.

धडाच्या अंगी दोन गुण असावे लागतात. ते हलके हवे आणि ताठही हवे. हे दोन गुण एकत्र कसे आणावेत? एक पोस्टकार्ड घेऊन त्याचे एक टोक हातात धरावे व दुसऱ्या टोकावर खोडरबर ठेवावे. कार्ड लगेच वाकते. तेच कार्ड घड्या घालून चौकोनी नळीसारखे केले व तिच्या टोकावर खोडरबर ठेवले, तर ती नळी वाकत नाही. कागद तोच, वजन तेच. केवळ आकार बदलल्याने त्याला बळ आले. विमानाच्या धडाचे सारे रहस्य या नळीत आहे.

घरगुती धडासाठी ५ मिलिमीटर जाडीचा फोमबोर्ड सोयीचा पडतो. कागदाच्या दोन थरांमध्ये हलका फेस भरून तो केलेला असतो, आणि शालोपयोगी वस्तूंच्या दुकानांत तो मिळतो. याखेरीज ३ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडचा लहान तुकडा, बांबूच्या दोन काड्या, पोलादी पट्टी, धारदार सुरी व गोंद एवढे सामान पुरते. सुरीचे काम मोठ्या माणसाला जवळ बसवूनच करावे.

आता मापे पाहू. पंखाची एकूण लांबी १०० सेंटिमीटर व रुंदी १८ सेंटिमीटर धरली, तर धड ७५ सेंटिमीटर लांब करावे. प्रथम दोन्ही बाजूंच्या फळ्या कापाव्यात. प्रत्येक फळीची वरची कड आरंभापासून शेवटपर्यंत अगदी सरळ ठेवावी. कारण पंख आणि आडवी शेपटी या दोहोंना याच कडेचा आधार असतो. नाकापासून ३७ सेंटिमीटरपर्यंत फळीची उंची ८ सेंटिमीटर असावी. तेथून खालची कड हळूहळू वर चढवीत शेपटीपाशी उंची ४ सेंटिमीटर करावी. दोन्ही फळ्या एकमेकींवर ठेवून पाहाव्यात. त्यांच्यात तिळमात्र फरक असता कामा नये.

धडाची आतली रुंदी ६ सेंटिमीटर ठेवावी. नाकापासून १३ व ३७ सेंटिमीटर अंतरावर फोमबोर्डाचा एकेक आडपडदा उभा करावा. बाजूच्या फळीची उंची ८ सेंटिमीटर; त्यातून तळाची व वरची फळी यांची अर्ध्या-अर्ध्या सेंटिमीटरची जाडी वजा केली म्हणजे आडपडद्याची उंची ७ सेंटिमीटर येते. तारा जाण्यासाठी त्यात भोके ठेवावीत. मेजावर एक सरळ रेघ आखून तिच्यावर हे सारे जुळवावे. मागील आडपडद्यापासून दोन्ही फळ्या सारख्याच प्रमाणात आत घ्याव्यात, म्हणजे शेपटीपाशी आतली रुंदी ३ सेंटिमीटर राहील. एक फळी अधिक वाकली तर धडाला केळ्यासारखा बाक येतो, आणि मग विमान सरळ उडेल अशी आशा करणे व्यर्थ आहे.

जुळणी नीट झाली की तळाची फळी चिकटवावी. वरची फळी मात्र मागील आडपडद्यापासून शेपटीपर्यंतच चिकटवावी. त्यापुढची जागा उघडी ठेवावी. तिच्यात यंत्रे बसतात व तिच्यावर पंख येतो. पंखाची पुढची कड नाकापासून १६ सेंटिमीटरवर येते. तिच्या २ सेंटिमीटर पुढे आणि पंखाच्या मागल्या कडेच्या २ सेंटिमीटर मागे बांबूची एकेक काडी आरपार बसवून, त्या काड्यांना रबरी कड्यांनी पंख बांधतात. विमान कोठे आपटले, तर रबर ताणले जाऊन पंख सरकतो व मोडण्यापासून वाचतो. नाकावरील उघड्या भागाला काढता-घालता येईल असे झाकण करावे.

नाकाच्या तोंडाशी प्लायवूडचा तुकडा बसवून त्यावर मोटार जोडतात. मोटार तापते आणि उष्णतेने वितळणारा गोंद त्या वेळी सुटू शकतो. म्हणून येथे दोन भाग मिसळून करावयाचा एपॉक्सी गोंद वापरावा. बॅटरी नाकात, रेडिओयंत्र पंखाखाली, आणि शेपटी हलविणाऱ्या सर्व्हो नावाच्या दोन लहान मोटारी पंखाच्या मागील कडेखाली, अशी मांडणी करावी.

यानंतर येते खरी परीक्षा. ती म्हणजे तोलाची. पंखाच्या पुढच्या कडेपासून ५ सेंटिमीटर मागे, दोन्ही बाजूंनी एकेक बोट पंखाखाली लावून विमान उचलावे. ते आडवे राहिले, किंवा नाक किंचित खाली झुकले, तर तोल साधला असे समजावे. नाक थोडे जड असलेले विमान मंदपणे का होईना, पण ताब्यात राहते. शेपटी जड असलेले विमान मात्र हातातून सुटताच नाक वर करते, त्याची गती मंदावते, आणि कित्येक दिवसांचे श्रम एका क्षणात मातीला मिळतात.

शेपटीकडे वजन वाढू न देण्याचे आणखी एक कारण आहे. तोलाचा बिंदू नाकापासून २१ सेंटिमीटरवर आहे. शेपटी त्याच्या ५० सेंटिमीटर मागे आहे असे समजू. तेथे हौसेने लावलेल्या रंगाचे व चित्रांचे वजन १० ग्रॅम झाले, तर तोलाच्या १० सेंटिमीटर पुढे ५० ग्रॅम वजन ठेवावे लागेल. कारण १० गुणिले ५० आणि ५० गुणिले १० यांचे उत्तर सारखेच. अशा रीतीने १० ग्रॅमच्या शोभेसाठी विमानाला ६० ग्रॅमचे ओझे वाहावे लागते.

सर्व चाचण्या पंखा न लावताच घ्याव्यात. फिरता पंखा बोटाला गंभीर इजा करू शकतो. पहिले उड्डाण जाणत्या माणसाच्या हाताने, माणसे, वीजतारा व विमानतळ यांपासून दूर असलेल्या मोकळ्या मैदानावर व्हावे. विमान आकाशात डौलाने वळले म्हणजे पाहणारे त्याच्या पंखांची वाहवा करतात. ते पंख ज्याच्या आधारावर उभे आहेत, त्या धडातील आडपडदे कोणाला दिसत नाहीत. ज्याने ते काटकोनात बसविले, त्याला मात्र ते तेथे आहेत हे ठाऊक असते.

अभ्यास

१. पोस्टकार्डाच्या प्रयोगावरून कोणती गोष्ट सिद्ध होते?
२. फळीची वरची कड सरळ का ठेवावी लागते?
३. शेपटीवर ६ ग्रॅम वजन वाढले, तर तोलाच्या १० सेंटिमीटर पुढे किती वजन ठेवावे लागेल? विमानाचे एकूण वजन किती वाढेल?
४. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : समर्पक, तिळमात्र, मातीला मिळणे, वाहवा करणे.