अंग बाहेर येण्याचं ऑपरेशन: खर्च किती, आणि कुठे?

'अंग बाहेर येतंय' हे बाई घरात सांगते तोवर कित्येक वर्षं गेलेली असतात. मग घाई होते आणि पहिला प्रश्न येतो, किती लागतील?

हुबळीच्या विद्यानगरात सगळ्यात स्वस्त म्हणजे १९५७ पासूनचं सरकारी रुग्णालय, पूर्वीचं किम्स. बीपीएल कार्ड असेल तर आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मोफत. एपीएल कार्डावर सरकार ठरलेल्या दराच्या ३० टक्केच देतं, तेही वर्षाला दीड लाखापर्यंत. योजनेतून खासगीत जायचं तर सहसा सरकारी रुग्णालयाची चिठ्ठी लागते. ती ॲडमिट होण्याआधी घ्या, नंतर धावपळ व्यर्थ.

खासगीत अंदाजपत्रक लेखी मागा: भूल, थिएटर, औषधं, काढलेल्या गर्भपिशवीची तपासणी, खोली, सगळं वेगवेगळं. विमा असेल तर खोलीभाड्याची मर्यादा पाहा. ती ओलांडली की अनेक पॉलिसींत बाकीचं बिलही त्याच प्रमाणात कापलं जातं. खालून जाळी बसवू म्हणाले तर का, ते विचारा. अमेरिकेत २०१९ साली या कामासाठीच्या अशा जाळ्यांची विक्री थांबवायला लावली. आणि ऑपरेशनच हवं का, हेही विचारा. कित्येकींचं अंग वर धरून ठेवणारी रिंग बसवून भागतं. पिशवी ठेवायची असेल तर गोव्याच्या डॉ. शिरोडकरांच्या नावाची, पिशवी वर बांधून घेण्याची शस्त्रक्रियाही आहे.

पण खरा खर्च घरी आल्यावर सुरू होतो. साधारण ६ आठवडे जड उचलायचं नाही. भरलेली १५ लिटरची बादली म्हणजे १५ किलो, आणि हुबळीत बऱ्याच भागांत नळ रोज येत नाही. पाणी आलं की पिंप भरायला उठणार कोण? आईच उठते! म्हणून दीड महिन्याचा भांडी-धुणं-पाण्याच्या बाईचा पगार ऑपरेशनच्या खर्चातच धरा. आई स्वतः चार घरची कामं करत असेल तर तिची बुडालेली मजुरीही. बद्धकोष्ठ आणि जुना खोकला आधी आटोक्यात आणा. दर वेळी कुंथताना आणि खोकताना टाक्यांवर ताण येतो, अंग पुन्हा उतरू शकतं.

तपासणीच्या वेळी डॉक्टरांना एक आवर्जून विचारा: अंग वर सारून खोकलं तर लघवी सुटते का? उतरलेल्या अंगाने मूत्रमार्ग दुमडून धरलेला असू शकतो. ते वर बसवल्यावर काही जणींची गळती तेव्हाच सुरू होते, आणि मग पॅडचा खर्च दर महिन्याच्या वाणसामानात येऊन बसतो.